सायकलकट्टा : 'नवव्या किलोमीटरला घोळका सुटला'

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे गृहस्थ सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये २९ वर्षं काम करतात. वय ५३. छत्तिसाव्या वर्षापासून नाशिक आणि आसपासच्या हौशी शर्यतींत भाग घेतात.)

प्रश्न : काका, मी ३९ वर्षांचा आहे, हिशेबाचं काम करतो. दोन वर्षं झाली, दर रविवारी गंगापूर धरण, गिरणारे, कधी त्र्यंबक असं ५०-६० किलोमीटर चालवतो. एकटाच. सरासरी ताशी २७-२८ किलोमीटर पडते. त्या जोरावर गेल्या महिन्यात ४० किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलं. पहिली आठ किलोमीटर घोळक्यात होतो, मजेत होतो. नवव्या किलोमीटरला डावीकडे वळण आलं. वळून सरळ झालो तर समोरच्याच्या आणि माझ्यामध्ये तीन सायकली मावतील एवढी जागा. जीव तोडून पायडल मारलं, पण ती जागा भरून निघेना. पुढची ३१ किलोमीटर एकट्याने काढली, शेवटून चौथा आलो. पोचलो तेव्हा बक्षिसं वाटणं सुरू होतं. बायको आणि मुलगी थांबल्या होत्या. मुलीने पाण्याची बाटली पुढे केली, बोलली काहीच नाही. माझं वय झालंय का? की सायकल बदलायला हवी? *— एक वाचक, इंदिरानगर*

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वय आणि सायकल ही दोन्ही कारणं तुम्ही शेवटी लिहिलीत, पण खरं कारण मधल्या ओळीत आहे. तीन सायकली मावतील एवढी ती जागा.

वेग ३० वरून ३६ वर नेला, म्हणजे पाचव्या हिश्शाने वाढवला, तर नुसती हवा कापायला लागणारी ताकद जवळजवळ पावणेदोन पट होते. म्हणून एकट्याने २८ ने जाणारा माणूस ३६ ला पोचायला बघतो तेव्हा पायात शिसं भरल्यासारखं होतं. तोच माणूस दुसऱ्याच्या चाकामागे हात-दीड हातावर असला की पुढचा त्याच्यासाठी हवा फोडत असतो. श्रम पाव ते तिसऱ्या हिश्शाने कमी होतात. पहिली आठ किलोमीटर तुम्ही मजेत होतात ती याच आडोशामुळे. तीन सायकलींची फट पडली की आडोसा बराचसा जातो, आणि तेवढ्यात पुढचे पंचवीस जण आळीपाळीने हवा वाटून घेत पळत असतात. एकट्याने ते अंतर कापणं भल्याभल्यांना जमत नाही.

आता ती फट वळणावरच का पडली? घोळका वळणावर आला की पहिला ३७ वरून २५ वर उतरतो, वळतो आणि लगेच परत ३७ ला सुटतो. तो सुटला तेव्हा विसाव्या नंबरवरचा अजून वळणातच ब्रेक दाबून असतो. रबर ताणावं तसा घोळका लांबतो. सगळ्यात मागच्याला ब्रेकही सगळ्यात जास्त दाबावा लागतो आणि नंतर जोरही सगळ्यात जास्त लावावा लागतो. तुम्ही मागे असणार हे तुम्ही लिहिलं नाहीत तरी कळतं. नवखा माणूस भीतीने शेपटालाच राहतो. मीही राहायचो. पुढच्या वेळी वळण यायच्या दोन-तीनशे मीटर आधी, रस्ता सरळ असतानाच पुढच्या दहा-बारा जणांत सरका. वळणात शिरायच्या आधी एक-दोन गिअर हलके करून ठेवा, म्हणजे बाहेर पडताना पाय अडकणार नाही. वळणाच्या आतल्या बाजूला खडी असते, तिथे घुसून जागा पटकावू नका.

पण हे सगळं करायच्या आधी एक अट आहे, आणि ती मी हट्टाने सांगतो. दुसऱ्याच्या चाकामागे चालवायला शिका, आणि ते शर्यतीत शिकू नका.

माझी तिसरी शर्यत होती. अंगात जोर भरपूर होता, अक्कल कमी. समोरच्याच्या मागच्या चाकाशेजारी माझं पुढचं चाक वीतभर आत गेलं होतं, उजव्या बाजूने. त्याने खड्डा चुकवायला उजवीकडे घेतलं. टायरला टायर घासल्याचा आवाज आला, झर्रर्र, अगदी एवढासा. तो माणूस सावरला. मी पडलो आणि माझ्यावरून मागचा एकोणीस वर्षांचा मुलगा गेला. मला गुडघ्याला खरचटलं. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो तेव्हा हात झोळीत घालून तो पाटावर बसला होता आणि त्याची आई त्याला भात भरवत होती. कोणी मला एक शब्द बोललं नाही. त्या आईने मलाही ताट वाढलं. तो घास आजही घशात आहे. त्या वर्षी मी परत शर्यतीत उतरलो नाही. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर एका मित्राला पुढे घालून नुसतं चाकामागे चालवत राहिलो, चार महिने.

त्या चार महिन्यांत जे शिकलो ते असं. नजर समोरच्या चाकावर खिळवायची नाही; त्याच्या कमरेकडे आणि खांद्यावरून पलीकडच्या रस्त्याकडे ठेवायची. माणूस वळायच्या आधी त्याची कंबर सांगते. आपलं चाक त्याच्या चाकाच्या बाजूने आत घालायचं नाही, कधीच नाही. फार जवळ आलो तर ब्रेक दाबायचा नाही. पायडल सैल सोडायचं, छाती जरा वर उचलायची, वारा आपोआप मागे ओढतो. ब्रेक दाबला की मागच्याला दुप्पट दाबावा लागतो. पुढे असाल तेव्हा बोला : "खड्डा", "खडी", "गतिरोधक", "मागून गाडी". हाताने दाखवा. चढावर उभं राहताना सायकल झटक्यात मागे येते, तेव्हा एका पायावर जोर ठेवूनच उठा. आधी दोघांत, मग चौघांत, मग आठ जणांत. घाई करू नका.

सरावाला आपल्याला त्र्यंबक रस्त्यासारखा रस्ता नाही. पहाटे साडेपाचला सातपूर सोडलं की महिरावणीच्या पुढे रस्ता मोकळा मिळतो, अंजनेरीपर्यंत चढ असा अंगावर येत नाही पण थांबतही नाही. जून-जुलैत जाताना वारा पश्चिमेचा, सरळ तोंडावर. तेव्हा चौघांनी मिळून जा, प्रत्येकाने एकेक मिनिट पुढे राहा आणि बाजूला होऊन मागे या. आडोसा म्हणजे काय ते त्या वाऱ्यात कळतं, कोरड्या हवेत महिनाभर चालवून कळत नाही. श्रावणी सोमवारी आणि पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिवसांत मात्र तिकडे सराव नको. तो रस्ता तेव्हा दिंड्यांचा आणि फेरीला जाणाऱ्यांचा असतो.

सायकलीबद्दल. बदलू नका. तुमच्याकडे काय आहे ते लिहिलं नाहीत, पण २८ ची सरासरी ज्या सायकलीवर पडते ती चांगलीच आहे. पैसे घालायचेच तर टायरला घाला, आणि चेन तपासा. पोलादी पट्टी घ्या, चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनला २४ कड्या बरोबर १२ इंचात बसतात. शेवटची पिन १२ इंचाच्या पुढे अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, गेली असेल तर चेन बदला. अशा चेनवर रेटत राहिलात तर ती मागच्या दातऱ्याही खाऊन टाकते आणि शंभराचं काम हजारांत जातं. आम्ही टूलरूममध्ये मायक्रॉनचं काम करतो, पण या मापाला पोलादी पट्टी पुरते.

वय ३९ म्हणजे काहीच नाही. फक्त एकदा डॉक्टरांना भेटा, ईसीजी काढा, बीपी बघून घ्या. चाळिशीजवळच्या प्रत्येकाने शर्यतीत उतरायच्या आधी हे करावं असं माझं ठाम मत आहे. आणि सगळे रविवार सारखे चालवू नका. आठवड्यात एक दिवस चार मिनिटं दम लागेल एवढ्या जोराने आणि चार मिनिटं हळू, असं पाच वेळा. एक दिवस लांब आणि सावकाश, बोलता येईल एवढ्याच वेगाने. मधे झोप. दहा आठवड्यांनी मला परत लिहा.

मुलीबद्दल एक सांगतो. पुढच्या वेळी तिला अंतिम रेषेपाशी उभं करू नका. तिथे सगळं संपलेलं असतं. तिला आणि तिच्या आईला वळणाजवळ उभं करा, रस्त्यापासून लांब, वळणाच्या आतल्या अंगाला. घोळका वाकून, सगळे गुडघे एका लयीत, चाकांचा घूं घूं आवाज करत समोरून जातो तेव्हा अंगावर काटा येतो. त्यात तिला तुम्ही दिसाल.

प्रश्न : तीस किलोमीटरनंतर माझ्या मांड्यांत गोळे येतात आणि डोळ्यांपुढे अंधारी. सकाळी फक्त चहा पिऊन निघतो. *— एक वाचक, देवळाली कॅम्प*

उत्तर : चहा पिऊन निघू नका. अंधारी येते म्हणजे साखर संपली. जोरात चालवताना शरीरातला साठा दीड-दोन तासच पुरतो, आणि तुम्ही रात्रभर उपाशी राहून तो आधीच कमी केलेला असतो. निघायच्या दोन तास आधी पोहे किंवा साधी पोळी-गूळ. सायकलवर ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ असतात, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की यांनी बाकीचं भागतं. पाण्यात साखर, लिंबू आणि चिमूटभर मीठ. भूक लागायची वाट पाहू नका, अर्ध्या तासाला घास घ्या. गोळे बहुतेक वेळा सवयीपेक्षा जास्त जोर लावल्यानेही येतात, तेव्हा गिअर हलका ठेवून पाय भरभर फिरवा, मिनिटाला ८०-९० फेरे. आणि हे सगळं केल्यावरही अंधारी आलीच, किंवा छातीत दुखलं, तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : नाशिकची ओळख लांब पल्ल्याची. मग शर्यतीपेक्षा ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात लांब अंतर पुरं करायची सायकलफेरी, करावी का? *— एक वाचक, नाशिकरोड*

उत्तर : ओळख खरी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. २०१५ साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली. जवळजवळ ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच एकट्याने पूर्ण केली. आपल्या शहरात सकाळी इतकी हेल्मेटं दिसतात त्यात या माणसांचा वाटा मोठा आहे.

पण ब्रेव्हे ही शर्यत नाही. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत पुरं करायचं. पहिला-दुसरा असा क्रम तिथे लागत नाही. ती झोप, पोट आणि चिकाटी शिकवते. घोळक्यात वळण कसं घ्यावं हे शिकवत नाही. तुम्हाला एकट्याने, शांतपणे, रात्रीच्या रस्त्यावर चालवायला आवडत असेल तर ब्रेव्हे करा. शर्यतीची ओढ असेल पण गर्दीची भीती वाटत असेल तर टाइम ट्रायलने सुरुवात करा : एकेक जण ठरावीक अंतराने सुटतो, दुसऱ्याच्या आडोशाला जायचं नाही, घड्याळाशी सामना. माझ्या मते नवख्यासाठी तीच सगळ्यात सुरक्षित.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावीत. त्याला शर्यतीत उतरायचंय. दीड लाखाची कार्बनची सायकल मागतोय आणि पहाटे मित्राबरोबर मुंबई हायवेवर जातो. त्याचे बाबा नाही म्हणतात, मी मधल्या मधे. काय करू? *— एक आई, पंचवटी*

उत्तर : ताई, हायवे आधी बंद करा, आजपासून. सायकल राहू द्या बाजूला. पहाटेचा ट्रकचालक रात्रभर जागा असतो, आणि सोळा वर्षांच्या मुलाला मागून येणाऱ्या गाडीचा अंदाज नसतो. त्याला सांगा की काकांनी लिहिलंय : सराव गंगापूर रस्त्याला, धरणाच्या बाजूला, किंवा दिंडोरी रस्त्याला पहाटे. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडेही ट्रॅक्टर-ट्रॉल्या पहाटेच सुटतात, तेव्हा तेही टाळा. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, उजाडल्यावरसुद्धा चालू. आणि मित्राबरोबर नको, दहा वर्षं चालवलेल्या मोठ्या माणसाबरोबर.

कार्बनची सायकल आत्ता घेऊ नका. त्याची उंची अजून वाढतेय, दोन वर्षांत ती त्याला लहान पडेल. ॲल्युमिनियमची वापरलेली रोड बाईक, त्याच्या मापाची, बघा. सीटची उंची अशी ठरवा : सीटवर बसवा, पायडल सगळ्यात खाली, त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. घेताना सोबत जाणकार न्या, फ्रेमच्या जोडांवर बारीक भेग आहे का ते बोट फिरवून आणि उजेडात धरून बघायला सांगा.

त्याच्या बाबांना माझ्या वतीने एक विनंती करा. नुसतं नाही म्हणू नका, एका रविवारी त्याच्याबरोबर स्कूटरवर मागे जा. सोमेश्वरपासून गिरणाऱ्यापर्यंत. पोरगं खड्डा दाखवतं का, गावात शिरताना वेग कमी करतं का, थकल्यावर चिडतं की गप्प बसतं, हे सगळं त्यांना तिथे दिसेल. मग दोघांनी ठरवा.

हेल्मेट मात्र तुम्ही स्वतः जाऊन घ्या, त्याच्यावर सोपवू नका. भुवईच्या वर दोन बोटं जागा राहिली पाहिजे, कानाखाली दोन्ही पट्टे मिळून इंग्रजी 'व्ही' व्हायला हवा, आणि हनुवटीखाली पट्टा लावल्यावर आत एक बोट जेमतेम शिरलं पाहिजे. त्याला तोंड मोठं उघडायला सांगा. हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढलं गेलं तर बरोबर बसलंय.