निर्यातीसाठी सरकारी कर्ज किंवा विमा देताना मानवी हक्क खरंच बघितले जातात का?

तुम्ही विचारलंय की, एखाद्या देशाची सरकारी संस्था आपल्या कंपनीच्या निर्यातीला कर्ज किंवा हमी देते आणि त्यातून परदेशात धरण किंवा वीज प्रकल्प उभा राहतो, तेव्हा तिथल्या लोकांच्या हक्कांचा विचार कुणी करतं का. करतात. पण तो होतो सह्या होण्याआधी, आणि प्रश्न विचारले जातात ते बहुतेक वेळा कंपनीलाच.

मी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात बरीच वर्षं निर्यातीची कागदपत्रं बघते. निर्यातीचा विमा देणारी सरकारी कंपनी ईसीजीसी आमच्या रोजच्या कामात म्हणजे पॉलिसी, प्रीमियम, खरेदीदाराची लिमिट आणि वेळ आलीच तर क्लेम. खरेदीदार पैसे देईल का, त्याच्या देशात गडबड होईल का, एवढं बघतात. पंप कुणाच्या शेतात बसणार हे कुणी विचारत नाही.

तो प्रश्न येतो मोठ्या, लांब मुदतीच्या व्यवहारांत. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने त्यासाठी सामाईक नियम केलेत. परतफेडीची मुदत दोन वर्षं किंवा जास्त असलेले प्रकल्प त्यात येतात. सगळ्यात जास्त धोक्याचा प्रकल्प ‘अ’ वर्गात जातो, त्याचा पर्यावरणावर आणि लोकांवर काय परिणाम होईल याचा अहवाल लागतो आणि अंतिम मंजुरीच्या निदान ३० दिवस आधी माहिती जाहीर करावी लागते. मानवी हक्कांचा स्पष्ट उल्लेख मात्र २०१२ च्या दुरुस्तीत आला. त्याच्या आदल्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांनी निर्यात-कर्ज संस्थांचं नाव घेऊन सांगितलं होतं की, सरकारचा आधार घेणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत सरकारने जास्त काळजी घ्यावी.

हा विचार वेळेवर झाला नाही म्हणजे काय होतं, हे कळायला आपल्याला लांब जायला नको. गुहागर तालुक्यातला एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प. अमेरिकेच्या एक्झिम बँकेचं (निर्यातीला कर्ज देणारी सरकारी बँक) सुमारे ३० कोटी डॉलर आणि ओपिक या सरकारी संस्थेचं १० कोटी डॉलर कर्ज त्यात होतं. गरम पाणी समुद्रात सोडलं तर मासळीचं काय होणार, म्हणून वेलदूरचे मच्छीमार विरोधात उभे राहिले. ३ जून १९९७ च्या पहाटे, बरेचसे पुरुष समुद्रावर असताना, पोलीस घरांत शिरले आणि बायकांना मारत बाहेर काढलं. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेच्या १९९९ च्या अहवालात एका गरोदर बाईची साक्ष आहे: ती अंघोळ करत होती, पोलिसांनी दार फोडून तिला ओढून नेलं आणि तिला बिलगलेल्या दीड वर्षाच्या मुलीला लाथेने बाजूला केलं. प्रकल्पाच्या बंदोबस्ताला असलेल्या राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हेही त्याच अहवालात आहे. कंपनीने आरोप नाकारले. कर्जं तर आधीच मंजूर झालेली होती. ती साक्ष मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढचं पान उलटवलं नाही.

अमेरिकेच्या कायद्यातली तरतूदही समजून घ्या. १९७८ पासून तिथे असं आहे की, मानवी हक्कांच्या कारणावरून एक्झिम बँकेने अर्ज नाकारायचा असेल, तर नाकारणं राष्ट्रहिताचं आहे असा निर्णय राष्ट्राध्यक्षांच्या पातळीवर व्हावा लागतो. म्हणजे कर्ज द्यायला वेगळं कारण लागत नाही, थांबवायला लागतं. मला हे उलटं वाटतं.

नियम कधी चावतात का? एकदा चावले. तुर्कस्तानात टायग्रिस नदीवरच्या इलिसू धरणाला जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांनी २००७ मध्ये हमी दिली, ती पुनर्वसन, पर्यावरण आणि वारसास्थळांबद्दलच्या १५३ अटी घालून. अटी पाळल्या जात नाहीत असं दिसल्यावर त्यांनी आधी नोटीस दिली, मग मुदत दिली आणि जुलै २००९ मध्ये तिघंही बाहेर पडले. पण तुर्कस्तानने देशातल्या बँकांचा पैसा घेऊन धरण पुरं केलं आणि हजारो वर्षं नांदतं असलेलं हसनकेफ गाव पाण्याखाली गेलं. तरी मी या अटींना फुकाच्या म्हणणार नाही. त्या लेखी होत्या, म्हणूनच मोडल्याचं दाखवता आलं.

भारत ओईसीडीचा सदस्य नाही, त्यामुळे ते नियम आपल्या एक्झिम बँकेला बंधनकारक नाहीत. याच बँकेने बांगलादेशात सुंदरबनाजवळच्या रामपाल औष्णिक प्रकल्पाला १६० कोटी डॉलर कर्ज दिलं, तेव्हा तिथल्या मच्छीमारांचं म्हणणं कोणत्या टेबलावर, कधी ऐकलं गेलं, हे विचारणं आपलं काम आहे. पैसा आपला आहे.

आता माझ्या टेबलावरचं सांगते. काही वर्षांपूर्वी एका युरोपीय कंत्राटदारामार्फत आमच्याकडे प्रश्नावली आली होती. ‘प्रकल्पामुळे कुटुंबं विस्थापित होणार का? असल्यास किती?’ आम्ही फक्त पंप देणार होतो. मी ‘लागू नाही’ लिहिलं, शिक्का मारला, पाठवून दिलं. ते दोन शब्द पुढे फाइलमध्ये कुणीतरी उत्तर म्हणून वाचले असतील. तेव्हापासून मी तसं लिहीत नाही. ‘आम्हाला माहिती नाही, गावांची नावं कळवा’ असं लिहून कागद परत पाठवते. दोनदा काहीच आलं नाही. एकदा अकरा गावांची यादी आली, घरांच्या आकड्यांसकट.