जजसाहेबच प्रश्न विचारायला लागले तर?

प्रश्न: मागच्या महिन्यात साक्षीला गेले होते. उलटतपास समोरच्या वकिलाचा, पण मधेच जजसाहेबच मला विचारायला लागले आणि आमच्या वकिलांनी हरकतसुद्धा घेतली नाही. जज समोरच्याच्या बाजूने होते का? जजने फक्त ऐकायचं असतं ना?

उत्तर: ताई, तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. आणि वकिलांवरही रागावू नका, त्या प्रश्नांना हरकत घेताच येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 165 होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच 168 झालंय, जजला कुठल्याही साक्षीदाराला कधीही, कुठलाही प्रश्न विचारता येतो, आणि त्यावर तुम्ही जे सांगाल त्याचा उलटतपास घ्यायचा तर वकिलाला कोर्टाची परवानगी लागते. निकाल मात्र संबंधित आणि रीतसर शाबीत झालेल्या गोष्टींवरच द्यावा लागतो, ही अट त्याच कलमात आहे.

का विचारतात? साक्षीदार म्हणतो "तो तिथेच उभा होता", स्टेनो टाइप करतो, वकील पुढच्या प्रश्नाकडे जातात. आता "तिथेच" म्हणजे दाराच्या आत की बाहेर? निकाल लिहायला बसल्यावर जजसमोर फक्त तो कागद असतो, साक्षीदार नसतो, म्हणून ते तिथल्या तिथे विचारून घेतात आणि मला तर वाटतं विचारायलाच हवं, गप्प बसून अर्धवट जबाबावर निकाल देणं जास्त वाईट. फ्रान्समध्ये तर मोठ्या फौजदारी खटल्यात आरोपीला आधी मुख्य न्यायाधीशच विचारतात, वकिलांची पाळी नंतर.

पण याला मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये खाणीत छत कोसळून एक कामगार गेला, त्याच्या बायकोने नॅशनल कोल बोर्डावर भरपाईचा दावा लावला. त्या खटल्यात जजनी इतके प्रश्न विचारले की दोन्ही बाजूंनी अपिलात तक्रार केली, आम्हाला आमची बाजू नीट मांडताच आली नाही. 1957 मध्ये अपील कोर्टाने खटला नव्याने चालवायला सांगितला. जजचा हेतू चांगला होता हे कोर्टानेही मानलं, तरीही. त्या बाईला पुन्हा पहिल्यापासून सगळं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून तुमच्या जबाबाची नक्कल काढा आणि वकिलांबरोबर बसून वाचा. जजच्या प्रश्नांनी तुमचं म्हणणं स्पष्ट झालं असेल तर काळजीचं काही नाही, पण वाक्य पुरं व्हायच्या आत तोडलेलं दिसलं किंवा उत्तर तुमच्या तोंडात घातल्यासारखं वाटलं, तर तो मुद्दा वकिलांकडून लिहून घ्या, निकाल विरोधात गेला तर अपिलात मांडता येईल.