शिल्लुक लोक राजाला खरंच मारत?

प्रश्न : माझा मुलगा शांतिसेनेतून दक्षिण सुदानमध्ये मलाकालला आहे. तिथल्या शिल्लुक लोकांना अजून राजा आहे, असं तो म्हणाला. हा राजा म्हातारा झाला की त्याला मारून टाकत, असं मी पूर्वी वाचलं होतं. हे खरं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मी मानवशास्त्र शिकवत असे, तेव्हा वर्गातही पहिला प्रश्न हाच यायचा. राजा थकला की गुरं, पीक, माणसं सगळीच खालावणार, म्हणून त्याला वेळीच संपवायचं, ही हकीकत ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ सेलिगमन यांनी १९१०च्या आसपास शिल्लुकांकडून ऐकून लिहून घेतली. राजाच्या अंगात देव असतो, म्हणून तो दुबळा होण्याआधीच त्याला मारतात, या मानवशास्त्रज्ञ फ्रेझर यांच्या सिद्धान्तात ती चपखल बसली आणि जगभर गेली. १९४८ साली दुसरे मानवशास्त्रज्ञ एव्हान्स-प्रिचर्ड यांनी, तेही फ्रेझर यांच्याच नावाच्या व्याख्यानात, पुरावा कुठे आहे असं विचारलं. विधी म्हणून राजाला मारल्याचं खात्रीलायक उदाहरण त्यांना दिसेना. राजे मारले जात, पण बंडात. पूर्वीच्या कुठल्याही राजाचा मुलगा गादीवर हक्क सांगू शके. त्यात राजपुत्र वाढत राजधानीपासून लांबच्या गावांत, म्हणजे पाठीशी माणसंही असायची. साथ आली, पीक बुडालं की बंडाला निमित्त तयार. मला हा उलगडा पटतो.

तरी शिल्लुक थापा मारत होते असं नाही. त्यांच्या लेखी गादीचा खरा मालक एकच, राज्याचा मूळपुरुष न्यीकांग. तो मेला नाही, वाऱ्यात नाहीसा झाला, असं ते मानतात. राजाला ते ‘रेथ’ म्हणतात, आणि दर रेथमध्ये न्यीकांग वस्तीला येतो. म्हणून रेथ थकला की सगळंच खालावणार, हे त्यांना मनापासून वाटे.

तो येतो कसा, ते पाहण्यासारखं आहे. उत्तरेकडच्या अकुरवा गावातून न्यीकांगची मूर्ती निघते. मूर्ती म्हणजे कापड गुंडाळलेला, शहामृगाची पिसं लावलेला दांडा. न्यीकांगचा मुलगा दाक याचीही मूर्ती बरोबर असते. उत्तरेची माणसं तिच्या बाजूनं, दक्षिणेची नियोजित राजाच्या बाजूनं. राजधानी फशोदाजवळच्या ओढ्यावर दोन्हींची लुटुपुटीची लढाई होते, आणि राजा हरतो! त्याला पकडून फशोदात नेतात. तिथे आधी मूर्ती आसनावर ठेवतात, मग ती उचलून त्याला बसवतात. तो थरथरू लागला की न्यीकांग अंगात आला. हरलेल्यालाच गादी देणारा राज्याभिषेक मला दुसरा माहीत नाही.

आताचे रेथ क्वोंगो दाक पादिएत १९९३मध्ये गादीवर आले.

आणि हो, १८९८मध्ये फ्रेंच अधिकारी मार्शां आणि ब्रिटिश सेनापती किचनेर समोरासमोर आले, फ्रान्स-ब्रिटनचं युद्ध होता होता टळलं, ते इतिहासाच्या पुस्तकातलं फशोदा म्हणजे नाईलकाठचं आजचं कोडोक. इंग्रजांनी १९०४मध्ये त्याचं नाव बदललं. राजांचं फशोदा हे वेगळं गाव. तुमचा मुलगा कोडोकला गेला, तर राजधानी पाहिली असं त्यानं घरी कळवू नये.