खोऱ्यातल्या लहान गावी एक मुक्काम पुरेल का?

आपण विचारले आहे की चारही बाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यातील एका लहान गावी जायचे आहे, हाताशी एकच मुक्काम आहे आणि नकाशावर शेवटचा टप्पा जेमतेम ६० किलोमीटरचा दिसतो. तेव्हा दुपारी निघाले आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच परत फिरले तर चालेल का. माझ्या मते असे करू नये. अशा गावांना मी गेली बरीच वर्षे जातो आहे, आणि माझी जवळजवळ प्रत्येक फसगत एकाच कारणाने झाली: डोंगरात जाऊनही मी सपाटीवरचे घड्याळ वापरत होतो.

पहिला फरक उन्हाचा. सूर्यास्ताची छापील वेळ मोकळ्या क्षितिजासाठी असते. खोऱ्यात सूर्य त्याच्या दीड-दोन तास आधीच पश्चिमेच्या कड्याआड जातो आणि सकाळीही तितकाच उशिरा येतो. आकाशात उजेड राहतो, पण अंगावरचे ऊन जाते आणि गारठा लगेच जाणवू लागतो. उत्तर गोलार्धात पूर्व-पश्चिम पसरलेले अरुंद खोरे असेल, तर दक्षिणेकडील डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या घरांवर हिवाळ्यात कित्येक आठवडे ऊन पडतच नाही. नॉर्वेतील र्‍युकान हे याचे टोकाचे उदाहरण आहे. तेथे सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गावात थेट ऊन येत नाही. म्हणून १९२८ साली लोकांना वर उन्हात जाता यावे यासाठी रज्जुमार्ग बांधला गेला आणि २०१३ साली डोंगरावर सूर्याबरोबर फिरणारे तीन मोठे आरसे बसवून गावच्या चौकात ऊन पाडण्याची सोय झाली. आपण जाणार आहात ते गाव इतके अंधारात नसेल, पण खोली घेताना ‘सकाळी ऊन किती वाजता येते?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. खिडकीतून काय दिसते, हे त्यानंतर विचारले तरी चालते.

मी हे विचारले नव्हते. पहिल्या खेपेस हौसेने नदीकाठची खोली मागून घेतली, आणि पहाटे दार उघडले तर पायरीवरच्या बादलीत पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. समोरच्या धुराड्यातून निघालेला धूर सरळ वर चढत होता आणि छपरांपासून थोड्या उंचीवर, काचेचे झाकण लागल्यासारखा, आडवा पसरत होता. शे-दीडशे मीटर चढून गेलो तेव्हा मात्र अंगातला कोट काढावा लागला. एरवी दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. पण निरभ्र, शांत रात्री उतारावरची हवा थंड होऊन जड होते, ओघळत खाली येते आणि खोऱ्याच्या तळाशी साचून राहते. त्यामुळे सर्वांत थंड जागा पुष्कळदा नदीकाठचीच असते. जुन्या वस्त्या तळापासून थोड्या वर, उन्हाच्या बाजूला वसलेल्या दिसतात, त्यामागे पुराच्या धास्तीइतकेच हेही कारण असावे असे मला वाटते.

वाऱ्याचेही वेळापत्रक असते. दिवसा तापलेली हवा खोऱ्यातून वरच्या दिशेने वाहते, रात्री उलट. (स्वित्झर्लंडमधील मालोया खिंडीचा वारा मात्र भरदिवसा खाली वाहण्यासाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा स्थानिक माणसाचे ऐकावे, नियमाचे नव्हे.) उन्हाळ्यात हीच वर चढणारी हवा दुपारनंतर माथ्यांवर ढग आणि गडगडाट आणते, म्हणून उंचावरची चाल सकाळीच उरकावी. हिमनदीतून येणारा ओढा सकाळी घोट्याएवढा असतो आणि बर्फ वितळल्याने दुपारनंतर फुगतो. जाताना सहज ओलांडलेला ओढा परतताना अडवू शकतो. चालण्याच्या वेळेचा अंदाज बांधायला १८९२ साली स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी दिलेला ठोकताळा अजून उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्यात विश्रांती धरलेली नाही, आणि सवय नसेल तर दीडपट धरावे.

रस्त्याबद्दल थोडक्यात सांगतो. वळणांच्या अरुंद घाटात ताशी २० ते २५ किलोमीटरपेक्षा अधिक सरासरी मी धरत नाही. म्हणजे आपले ६० किलोमीटर अडीच-तीन तासांचे आहेत, आणि त्यातला शेवटचा तास आपण सावलीत, कदाचित धुक्यात, अनोळखी वळणांवर काढणार. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, सतत ब्रेक दाबून राहिल्यास तो तापून निकामी होतो. इंधन, रोख रक्कम आणि नेहमीची औषधे पायथ्याच्या मोठ्या गावातच घ्यावीत. गाव २,५०० मीटरपेक्षा उंच असेल, तर पहिल्या दिवशी चढाई करू नये. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली, तर थांबून वाट पाहण्यापेक्षा खाली उतरावे.

म्हणून शक्य असल्यास दोन मुक्काम करावेत. एकच जमत असेल, तर सकाळी निघून दुपारपर्यंत पोहोचावे आणि संध्याकाळ गावातच काढावी, कारण समोरच्या उतारावरून वर वर सरकत जाणारी सावली पाहणे, हेच अशा गावातले माझ्या मते सर्वांत चांगले दृश्य आहे. परतताना उजाडताच निघण्याचा बेत थंडीच्या दिवसांत तरी सोडून द्यावा. सावलीतल्या वळणांवर आणि पुलांवर रात्री धरलेला बर्फाचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. सकाळचे ऊन डोंगरावरून उतरत गावाबाहेरच्या पहिल्या वळणापर्यंत आले आणि तिथली ओल सुकू लागली, की मग मी गाडी बाहेर काढतो.