आमच्या प्रभागातली पाळणाघरं पुरेशी आहेत का, हे कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की प्रभागात फिरून चौदा पाळणाघरं मोजलीत, त्यातल्या सहांमध्ये जागा रिकाम्या आहेत, तर गरज भागतेय असं अहवालात लिहायचं का. लिहू नका. रिकाम्या जागांचा हा हिशोब मी माझ्या घरात, जेवताना ऐकलाय.

मी नर्स आहे, नाशिकला सिडकोत राहते. 2022 मध्ये मुलगी झाली तेव्हा एका खासगी रुग्णालयात होते. शेवटच्या आठवड्यापर्यंत ड्युटी केली, म्हणून 26 आठवड्यांची रजा संपली तेव्हा ती जेमतेम सहा महिन्यांची होती. सासूबाईंचे गुडघे गेलेले, माझी आई जळगावला. नवरा अंबडच्या कंपनीत, त्याचीही शिफ्ट बदलती. माझी मॉर्निंग आठ ते दोन, इव्हिनिंग दोन ते आठ, आणि महिन्यातून एकदा नाईट.

वहीत अकरा पाळणाघरांचे नंबर उतरवले होते. वर्षाच्या आतलं बाळ घेणाऱ्या तीन निघाल्या. बाकीच्यांचं उत्तर ठरलेलं, ‘चालायला लागली की आणा.’ तिघींपैकी एक सहाला बंद करायची, दुसरी साडेसहाला. तिसऱ्या काकू साडेसातपर्यंत थांबायच्या, आणि नवऱ्याची सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात जास्तीचे पैसे घेऊन साडेआठपर्यंत. रविवारी कुणीच नाही.

एकदा पावणेआठला वॉर्डात पेशंट अचानक सीरियस झाला. असं असताना कुणी पर्स उचलून निघत नाही. मी पाळणाघरी पोचले तेव्हा सव्वानऊ झाले होते. काकू खाली जिन्यात बसलेल्या, मुलगी खांद्यावर झोपलेली, कारण आत त्यांचे मिस्टर तापानं फणफणले होते आणि रडण्यानं त्यांना त्रास होत होता. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, “पोर गुणाची आहे गं, पण मलाही घर आहे ना.” त्यात त्यांचं काय चुकलं? पुढच्या महिन्यापासून त्यांनी साडेसातच्या पुढं थांबायला नकार दिला आणि दोन महिन्यांत मी राजीनामा दिला.

आमच्या रुग्णालयात शंभरावर माणसं होती. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडं जाऊ द्यायला हवं, हे 2017 च्या दुरुस्तीनं कायद्यात आलंय. मी मेट्रनबाईंना विचारलं, त्या ‘वर कळवते’ म्हणाल्या. वरून कधीच काही आलं नाही. अंगणवाडीच्या ताई चांगल्या, वजन करायच्या, आहाराचं पाकीट द्यायच्या, पण तिथं मूल बसवतात ते तिसऱ्या वर्षापासून आणि तेही थोडेच तास.

आता हिशोबाचं. त्याच सुमाराला माझे दीर एका मंडळाच्या वतीनं आमच्या भागाचा सर्व्हे करत होते, अगदी तुमच्यासारखा. जेवताना म्हणाले, “वहिनी, निम्म्या पाळणाघरांत जागा आहेत, मग तुम्हालाच कशी मिळत नाही?” मी वही आणून दाखवली. ते म्हणाले, तुमचं प्रकरण वेगळं आहे. सिडकोत किती नर्सेस राहतात, अंबड-सातपूरला शिफ्टमध्ये किती बायका जातात, मॉलमध्ये रात्री नऊपर्यंत किती मुली उभ्या असतात? एवढ्या सगळ्यांचं वेगळं असेल तर ते वेगळं राहत नाही. जागा रिकाम्या होत्या त्या अडीच वर्षांवरच्या, सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या. त्या दहा आणखी वाढवल्या असत्या तरी माझा प्रश्न तिथंच होता.

म्हणून पाळणाघर मोजताना प्रत्येकापुढं तीन गोष्टी लिहा: किती महिन्यांपासून घेतात, दार किती वाजता उघडतं आणि बंद होतं, आणि फी. आणि हे फोनवर विचारू नका. ‘सहा महिन्यांचं बाळ आहे, इव्हिनिंग ड्युटी आहे’ असं सांगत दारात जा. घरगुती पाळणाघरांना पाटी नसते, ती भाजीवाल्या मावशींना आणि वॉचमनला माहीत असतात. किती मुलांमागे किती सेविका हव्यात, हेही तुम्ही विचारलंय, तर केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक सेविका आणि त्यावरच्या 20 मुलांमागे एक असं आहे. सरकारी पाळणाघराचा हिशोब 25 मुलं आणि दिवसाला साडेसात तासांचा असतो. प्रभागात किती जागा हव्यात हा आकडा यातून निघणार नाही, तो घरोघरीच काढावा लागेल.

धुणीभांडी करणाऱ्या बायकांना विसरू नका. त्यांचं धाकटं मूल बहुतेक वेळा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. जवळच्या शाळेत जाऊन कोणत्या मुली वारंवार गैरहजर असतात ते विचारा, तुमच्या प्रभागाची बरीच गरज तिथं सापडेल. जिथं आजी धडधाकट आहे, तिथं चित्र वेगळं असेल हे मान्य. आणि पाळणाघर चालवणाऱ्या बायकांवर माझा राग नाही, रात्री नऊपर्यंत थांबायचं तर त्यांना दुसरी मदतनीस आणि तिचा पगार परवडायला हवा.

मी दोन वर्षांनी परत नोकरीला लागले तेव्हा पगार नव्या मुलीइतका मिळाला. घरात अजूनही ‘तिनं स्वतःहून सोडली’ असंच म्हणतात.

सर्व्हेचे गठ्ठे आमच्याच माळ्यावर होते. दिवाळीची आवराआवर करताना आमच्या घराचा फॉर्म हाती लागला. दिरांनीच भरलेला. ‘आई नोकरी करते का?’ नाही. ‘पाळणाघराची गरज आहे का?’ नाही. तारीख माझ्या राजीनाम्यानंतरच्या आठवड्यातली. तुमच्या फॉर्मवर आधी करत होती का, आणि का सोडली, हे दोन प्रश्न घाला, आणि ते त्या बाईलाच विचारा. आमचा फॉर्म भरला गेला तेव्हा मी आत मुलीला भरवत होते. हाक मारली असती तर दोन मिनिटांत बाहेर आले असते.