आरमारावर लिहायचंय? आधी मोडी शिका

पहिलं सांगतो, नोकरी सोडू नका. मराठीत अशा पुस्तकाची पहिली आवृत्ती संपायलाच वर्षं जातात, मानधनावर घर चालत नाही.

विषय लहान घ्या. अख्खं मराठा आरमार नको. 1679 ची खांदेरीची लढाई घ्या, नाहीतर 1756 ला विजयदुर्गात जळालेलं तुळाजी आंग्र्यांचं आरमार. तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते (हे वाचून पुष्कळांना राग येतो, येऊ द्या), त्यामुळे एकाच बाजूचे कागद पाहून भागत नाही. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, तिथे मोडीशिवाय पान हलत नाही. इंग्रजांच्या कागदांसाठी मुंबई, पोर्तुगीजांच्या कागदांसाठी पणजी.

आणि जहाज समजून घ्या. गुराब म्हणजे मोठं लढाऊ जहाज; तिच्या तोफा नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, समोर मारा करत; वारा पडला की गलबतं वल्ही मारत तिला ओढून नेत. हे ठाऊक नसेल तर लढाईचं वर्णन नुसतं तलवारबाजीचं होतं. खांदेरीसमोरच्या थळ गावातल्या कोळ्यांना वारा आणि भरती-ओहोटी विचारा. दफ्तरातले तारीख-तिथीचे घोळ सोडवतानासुद्धा त्याचा उपयोग होतो.