आधी नळ, मग प्लेथोरा

प्रिय मित्रा,

तुझी शब्दांची यादी पाहिली. 'प्लेथोरा', 'युबिक्विटस', 'मेटिक्युलस'... मेहनत दिसते. पण यातला एकही शब्द महिनाभरात तुझ्या तोंडी येईल असं वाटत नाही. आणि उद्या घरातला नळ गळतोय हे घरमालकाला इंग्रजीतून सांगायचं झालं, तर तू अडशील.

मराठी माध्यमवाल्यांचं हे नेहमीचंच आहे, सेमी-इंग्रजीवाल्यांचंही. विज्ञानाच्या पुस्तकामुळे 'कंडेन्सेशन' पाठ असतं; पण मोरी, फडकं, डाव, लाटणं यांचं इंग्रजी कुणी शिकवतच नाही, कारण ती कामं घरात मराठीत होतात. पुण्यात चालून जातं. बंगळुरूला किंवा डब्लिनला खोली घेतली की पंचाईत. म्हणून सुरुवात मोरीपासून कर. थेंब थेंब गळणारा नळ 'ड्रिप' होतो, पाइप 'लीक' होतो, तुंबलेलं सिंक 'ब्लॉक्ड' (अमेरिकेत 'क्लॉग्ड'). भांडं विसळलं तर 'रिन्स', खसाखसा घासलं तर 'स्क्रब', डाळ भिजत घातली तर 'सोक', आमटी मंद आचेवर उकळत ठेवली तर 'सिमर'. मराठीत विसळणं आणि घासणं यांत तुझी कधी गल्लत होत नाही; इंग्रजीत मात्र सगळ्याला 'वॉश' म्हणून मोकळा होतोस.

याहून महत्त्वाचं म्हणजे शब्द एकटा लिहू नकोस. आपण भात लावतो, चहा टाकतो, कणीक मळतो. 'चहा लावला' म्हणणारा बाहेरचा आहे हे लगेच कळतं. इंग्रजीतही तसंच: पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग', निर्णय 'मेक' करायचा, गृहपाठ 'डू' करायचा. आपण परीक्षा देतो, म्हणून 'गिव्ह' हा शब्द आपसूक येतो. तिकडे ती 'टेक' करतात. तेव्हा वहीत नुसतं 'डिसिजन' नको, 'मेक अ डिसिजन' लिही. 'डिपेंड'च्या शेजारी 'ऑन' लिहून ठेव. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लागत नाही, हेही तिथेच.

ढाक्यात अनेक वर्षं शिकवलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये रोजच्या इंग्रजीतल्या सुमारे २,००० शब्दांची यादी छापली. त्यातले बहुतेक तुला ओळखू येतील. 'पुट' आणि 'ऑफ' तर तुला शाळेपासून येतात, तरी 'आय कीप पुटिंग इट ऑफ' (मी ते सारखं पुढे ढकलतो) असं तू म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. तुझी खरी उणीव इथे आहे, साध्या शब्दांच्या अशा जोड्यांत: 'रन आउट ऑफ' (संपणं), 'टर्न डाउन' (नाकारणं), 'लुक इन्टू' (चौकशी करणं). मात्र गाइडमधली 'गेट'ची वीस रूपं एका बैठकीत पाठ करू नकोस, ती एकमेकांत गुंततात. कानावर पडेल ते एक उचल, त्याच दिवशी वापर, आठवड्याने वही झाकून आठवून बघ.

इंग्रजी-मराठी कोश अर्थापुरता ठीक. शब्दांच्या जोड्यांसाठी लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश, उघड. ती ऑनलाइन फुकट मिळते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांचा असा कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि पुढे ऑक्सफर्डने छापला. परक्या भाषेतून येणारा माणूस कुठे अडतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून अर्थाइतकाच शब्द वाक्यात कसा बसतो यावर त्यांचा भर होता.

'प्रीपोन' (ठरल्या वेळेच्या अलीकडे घेणं) म्हटल्यावर कुणी हसलं तर हसू दे; कामाचा शब्द आहे आणि आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. पण उत्तर हवं असेल तर लंडनच्या क्लायंटला 'प्लीज रिव्हर्ट' लिहू नकोस, तिकडे 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणं; तो गोंधळेल. 'रिप्लाय' लिही.

पुढच्या पत्रात एका दिवसाचा हिशोब इंग्रजीत लिहून पाठव, अंथरूण आवरण्यापासून रात्रीची भांडी होईपर्यंत. अडशील तिथे मराठी शब्द तसाच ठेव आणि खाली रेघ मार. रेघा मारलेल्या शब्दांचं आपण बसून बघू.

तुझा,
सर